जिभेखालची गोळी आणि दमा

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते. तीन आठवडे बंद असलेला वर्ग झाडला जातो, बाकांवरची धूळ झटकली जाते, आणि पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून शिंका ऐकू येऊ लागतात. कुणाचे शिंकांवरच भागते. एखाद्याची छाती मात्र भरून येते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, एक वाक्य पुरे करायलाही दम पुरत नाही. मग दप्तराच्या कप्प्यातून पंप बाहेर निघतो.

अशा मुलांचे पालक भेटले, की बऱ्याचदा विचारतात : ‘बाई, पंपाची सवय लागते म्हणतात. आता जिभेखाली ठेवायचे औषध निघाले आहे, त्याने दमा मुळापासून जातो असे ऐकले. ते सुरू केले तर पंप बंद करता येईल ना?’

शिक्षक डॉक्टर नसतात, पण घरोघरी त्यांच्या शब्दाला वजन असते. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि चुकीचे उत्तर मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हा जिभेखालचा उपचार आहे तरी काय, तो कुठून आला, त्याचा उपयोग किती, आणि तो अधिक गुणकारी व्हावा म्हणून संशोधक काय करत आहेत, हे आपण क्रमाने पाहू.

धुळीतला आठ पायांचा जीव

सगळाच दमा ॲलर्जीचा नसतो. सर्दीचे विषाणू, धूर, थंड हवा, व्यायाम यांनीही दम्याचा झटका येतो. पण विशेषतः लहानपणी सुरू होणाऱ्या दम्यामागे अनेकदा ॲलर्जी असते. घरातील धुळीची ॲलर्जी हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण.

धुळीत नेमके काय असते ज्याने त्रास होतो? हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. १९६४ च्या सुमारास नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी त्याचे उत्तर दिले. धुळीतला खरा गुन्हेगार होता माइट नावाचा एक सूक्ष्म प्राणी. हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळी व गोचीड यांचा भाऊबंद आहे. त्याची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आपल्या अंगावरून रोज झडणारे त्वचेचे कण हे त्याचे अन्न, आणि गादी, उशी, गोधडी हे त्याचे घर. तो पाणी पीत नाही. हवेतील बाष्प शोषून घेतो. म्हणूनच दमट हवा त्याला मानवते आणि कडक ऊन सोसत नाही.

माइट चावत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेने. तिच्या कणांत त्याच्या पचनसंस्थेतील प्रथिने असतात. त्यांपैकी ‘डेर पी १’ हे प्रथिन एक विकर आहे. ते श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींमधले सांधे सैल करते आणि स्वतःसाठी वाट काढते.

शरीराचा गैरसमज

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. निरुपद्रवी पदार्थाला शरीराने शत्रू समजणे, असा आज आपण त्याचा अर्थ सांगू शकतो.

हा गैरसमज रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका धाडसी प्रयोगाने दाखवले. क्युस्टनर या जर्मन संशोधकांना माशांची ॲलर्जी होती. त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांना ती नव्हती. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तेथे गांध उठली! रक्तात काहीतरी होते हे नक्की झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड, हे कळायला मात्र १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले.

आयजीईचे काम असे चालते. ज्याला माइटची ॲलर्जी आहे, त्याच्या शरीरात माइटच्या प्रथिनाला चिकटणारे आयजीई तयार होते. ते श्वासनलिकांमधील मास्ट पेशींवर जाऊन बसते. या पेशींत हिस्टामिनसारख्या रसायनांचे साठे भरलेले असतात. माइटचे प्रथिन पुन्हा श्वासात आले आणि आयजीईला चिकटले, की हे साठे फुटतात. श्वासनलिकेभोवतालचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते, चिकट स्राव वाढतो. पाण्याच्या रबरी नळीला बाहेरून दाबावे आणि आतून गाळ साचावा, तशी श्वासनलिकेची गत होते.

दम्याच्या पंपांचे साधारणपणे दोन प्रकार असतात. एका प्रकारातील औषध आवळलेले स्नायू सैल करते. दुसऱ्या प्रकारात अल्प प्रमाणात स्टेरॉइड असते आणि ते सूज आटोक्यात ठेवते. काही पंपांत दोन्ही औषधे एकत्र असतात. यांमुळे असंख्य मुले खेळू शकतात, शाळेत येऊ शकतात. पण शरीराचा मूळ गैरसमज पंपाने दूर होत नाही. तो दूर करता येईल का, हा पुढचा प्रश्न.

चुकीचे कारण, बरोबर परिणाम

या दिशेने पहिले ठाम पाऊल १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पडले. लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क परागज्वराच्या रुग्णांना अगदी थोड्या मात्रेत टोचायला सुरुवात केली आणि मात्रा हळूहळू वाढवली. उपयोग होतो की नाही हे पाहण्याची त्यांची रीत साधी होती. परागकणांच्या अर्काचा थेंब रुग्णाच्या डोळ्यात टाकायचा आणि किती तीव्र द्रावणाने डोळा लाल होतो ते नोंदवायचे. उपचारानंतर डोळा लाल व्हायला अधिक तीव्र द्रावण लागू लागले. नून लवकरच, १९१३ मध्ये, वारले. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी हे काम पुढे नेले.

विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट अशी, की नून यांची समजूत चुकीची होती. परागकणांत विष असते आणि ते थोडे थोडे टोचले की लशीप्रमाणे प्रतिकारशक्ती येते, असे त्यांना वाटत होते. परागकणांत विष नसते. तरीही उपचार लागू पडला. कारण चुकीचे पण निरीक्षण बरोबर, असे विज्ञानात अनेकदा घडते. निरीक्षण नीट नोंदवलेले असले, की कारण पुढच्या पिढ्या दुरुस्त करतात. याच रुग्णालयातील विल्यम फ्रँकलंड यांनी १९५४ मध्ये तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या उपचाराला शास्त्रीय पाया मिळाला.

पण ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तोच टोचायचा, यात धोका उघड आहे. टोचलेला अर्क रक्तात वेगाने पसरला तर शरीरभर एकदम प्रतिक्रिया उसळते, रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो. ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने १९८६ मध्ये जाहीर केले, की १९५७ पासून अशा टोचण्यांमुळे २६ मृत्यू झाले होते. ज्यांचा तपशील उपलब्ध होता त्यांतील बहुतेक जण दम्याचे रुग्ण होते. म्हणजे ज्यांना उपचाराची गरज मोठी, त्यांनाच त्याचा धोकाही मोठा! ब्रिटनमध्ये या टोचण्यांवर कडक बंधने आली आणि दुसरे, कमी धोक्याचे दार शोधण्याची निकड वाढली.

जीभच का?

हे दार जिभेखाली सापडले. १९८६ मध्येच स्कॅडिंग आणि ब्रॉस्टॉफ या ब्रिटिश संशोधकांनी माइटचा अर्क जिभेखाली देऊन पाहिलेल्या एका लहान चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युरोपात अशा चाचण्या वाढल्या, आणि १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अहवालाने हा मार्ग टोचण्याला पर्याय होऊ शकतो असे मान्य केले.

तोंडातले अस्तर एका अर्थाने शरीराची सराईत जागा आहे. रोज अनोळखी अन्न, शेकडो जातींचे जीवाणू तेथून जातात. प्रत्येकावर तुटून पडायचे ठरवले तर जगणे अशक्य होईल. त्यामुळे तेथील प्रतिकारयंत्रणेचा कल सहन करण्याकडे असतो. जिभेखालचे अस्तर पातळ असते. त्यात डेन्ड्रायटिक पेशी असतात, म्हणजे बाहेरून आलेल्या पदार्थाचे तुकडे उचलून जवळच्या लसीका ग्रंथींपर्यंत नेणाऱ्या निरोप्या पेशी. उलट, हिस्टामिनचे साठे बाळगणाऱ्या मास्ट पेशी येथे कमी असतात. थोडक्यात, निरोप नेणारे आहेत, पण आरडाओरडा करणारे थोडे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जिभेखाली ठेवलेले औषध लगेच रक्तात जाते, असे आपल्या मनात असते. हृदयविकारावरची गोळी तशी जातेही. माइटची किंवा परागकणांची प्रथिने मात्र मोठे रेणू असतात. १९९७ मध्ये इटलीतील संशोधकांनी एका परागकणातील प्रथिनाला किरणोत्सारी आयोडीन जोडून त्याचा माग काढला. ते जिभेखालून सरळ रक्तात गेले नाही. गिळल्यानंतरच रक्तात त्याची खूण दिसली. पण तोंडाच्या अस्तरात त्याचा थोडा अंश कित्येक तास टिकून होता. तो अंशच निरोप्या पेशींच्या हाती लागतो.

पुढे लसीका ग्रंथींमध्ये टी पेशींपर्यंत निरोप पोहोचतो. ‘हा पदार्थ पुन्हा पुन्हा येतो आहे, पण धोका काही दिसत नाही’ असा त्याचा आशय. हळूहळू नियामक टी पेशी तयार होतात आणि इतर पेशींचा आवेश आवरतात. आयजीजी-४ नावाची दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे वाढतात. ती माइटचे प्रथिन आयजीईपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतात. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काही महिन्यांत आयजीईसुद्धा वाढते आणि मग पुढे ओसरते. म्हणून महिनाभरात रक्त तपासून ‘औषध उलटले’ असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

उपयोग किती?

नाकाच्या ॲलर्जीवर हा उपचार गुणकारी ठरल्याचे पुरावे बरेच आहेत. दम्याचे काय? या प्रश्नावरील एक महत्त्वाची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपातील ८३४ प्रौढ रुग्ण तिच्यात होते. सर्वांना माइटच्या ॲलर्जीचा दमा होता आणि स्टेरॉइडचा पंप घेऊनही तो पुरता आटोक्यात नव्हता. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एका गटाला माइटच्या अर्काची कमी मात्रेची गोळी, दुसऱ्याला दुप्पट मात्रेची, तिसऱ्याला तशीच दिसणारी पण अर्क नसलेली गोळी. कोणाला कोणती गोळी मिळते हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही.

काही महिने गोळी दिल्यावर खरी कसोटी लागली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडचा पंप तीन महिने निम्म्यावर आणला आणि पुढचे तीन महिने पूर्ण बंद ठेवला. मग दम्याचा मध्यम किंवा तीव्र झटका कोणाला आणि कधी येतो ते मोजले. अर्काची गोळी घेणाऱ्या दोन्ही गटांत झटक्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

वरच्या वर्गांत टक्केवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. ३० टक्के म्हणजे १०० रुग्णांतले ३० जण वाचले का? नाही. समजा, गोळी नसती तर १०० पैकी ३३ जणांना झटका आला असता आणि गोळीमुळे तो २३ जणांना आला. कमी झाले १० जण. ३३ च्या मानाने १० म्हणजे सुमारे ३० टक्के. पण १०० रुग्णांच्या मानाने १० टक्केच. या चाचणीतला प्रत्यक्ष फरकही १०० मागे सुमारे ९ ते १० जणांचाच होता. म्हणजे साधारण दहा-अकरा जणांनी गोळी घ्यावी, तेव्हा एकाचा झटका टळतो. जाहिरातीत पहिला आकडा येतो. निर्णय घेताना दुसरा विचारावा.

आणखी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. जीवघेणी प्रतिक्रिया या चाचणीत कोणालाही आली नाही. तोंडाला खाज सुटणे हा मुख्य त्रास होता. पण रोजच्या जीवनात दम्यावर किती ताबा आहे हे मोजणाऱ्या प्रश्नावलीत मात्र गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. उपचार सुरक्षित, पण परिणाम बेताचा, असा हा निकाल. २०१७ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने या उपचाराला जागा दिली तीही जपूनच : माइटची ॲलर्जी सिद्ध झालेले, नाकाचाही त्रास असलेले, पंप घेऊनही झटके येणारे, पण फुप्फुसांची क्षमता बऱ्यापैकी शाबूत असलेले प्रौढ रुग्ण, आणि तेही पंपाला जोड म्हणून, पंपाऐवजी नव्हे.

सुधारणेच्या चार वाटा

टोचण्याच्या उपचारात जो धोका होता तो जिभेखाली कमी झाला, पण त्याबरोबर जोरही कमी झाला. धोका न वाढवता जोर कसा वाढवायचा, हाच संशोधकांपुढचा प्रश्न आहे.

पहिली वाट मात्रेची. अर्काचा बराच भाग लाळेबरोबर पोटात जातो आणि तेथे पचतो. त्यामुळे टोचण्याच्या मानाने जिभेखाली कित्येक पट मात्रा द्यावी लागते. काही चाचण्यांत ती ५० ते १०० पट होती. मात्रा मोजूनमापून आणि दर वेळी तेवढीच मिळावी म्हणून थेंबांऐवजी गोठवून सुकवलेल्या, तोंडात काही सेकंदांत विरघळणाऱ्या गोळ्या आल्या. आपल्याकडे हा उपचार बहुधा थेंबांच्या रूपात मिळतो. थेंबांत मुख्य प्रथिन किती आहे, हे सर्व उत्पादक एकाच मापाने मोजत नाहीत. एका बाटलीचे दहा थेंब दुसऱ्या बाटलीच्या दहा थेंबांइतके असतीलच असे नाही.

दुसरी वाट टिकवून धरण्याची. येथे वर्गात करण्याजोगा एक सोपा प्रयोग सुचवतो. विद्यार्थ्याने गुळाचा हरभऱ्याएवढा खडा जिभेखाली ठेवावा, न गिळता स्वस्थ बसावे आणि गोडी पहिल्यांदा केव्हा जाणवते ती वेळ नोंदवावी. जिभेच्या खालच्या बाजूला चव ओळखणाऱ्या कलिका जवळजवळ नसतात. म्हणजे गोडी जाणवली, याचा अर्थ लाळेने गूळ तेथून उचलून जिभेवर नेला! ती वेळ किती थोडी असते ते पाहून विद्यार्थी चकित होतील. औषधाचेही असेच होते. म्हणूनच गोळी ठेवल्यावर मिनिटभर न गिळण्याची आणि पाच मिनिटे काही न खाण्यापिण्याची सूचना असते. फ्रान्समधील संशोधकांनी यावर कायटोसानचा उपाय उंदरांमध्ये करून पाहिला. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून मिळणारा हा चिकट पदार्थ. त्याच्या सूक्ष्म कणांत प्रथिन भरून ते जिभेखाली दिले, तेव्हा ते अस्तराला चिकटून राहिले, निरोप्या पेशींनी ते अधिक उचलले आणि सहनशीलता अधिक चांगली आली. २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पण उंदराचा दमा प्रयोगशाळेत निर्माण केलेला असतो, माणसाचा नव्हे. त्यामुळे या निष्कर्षांकडे आशेने पण सबुरीने पाहायला हवे.

तिसरी वाट प्रथिनच बदलण्याची. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून आयजीईला ते ओळखता येऊ नये, पण टी पेशींना मात्र ओळखता यावे, अशी रचना करता येते. म्हणजे आरडाओरडा टळतो आणि निरोप पोहोचतो. जनुक-तंत्राने एकच शुद्ध प्रथिन बनवून त्याची गोळी करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. काही संशोधक अर्काबरोबर प्रतिकारयंत्रणेला योग्य दिशा देणारे सहायक पदार्थ मिसळून पाहत आहेत.

चौथी वाट सर्वांत साधी आणि म्हणूनच दुर्लक्षित : योग्य रुग्ण निवडण्याची. त्वचेवरच्या किंवा रक्ताच्या तपासणीत माइटची ॲलर्जी दिसली, तरी दमा त्यानेच उठतो असे नाही. शिवाय माइटच्याही जाती आहेत. युरोपातील गोळ्यांत तेथे आढळणाऱ्या दोन जातींचे अर्क असतात. उष्ण प्रदेशांत ‘ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस’ ही वेगळी जातही महत्त्वाची असते. कोलकात्यातील घरांच्या धुळीतही ती सापडली आहे. तिची प्रथिने युरोपीय माइटच्या प्रथिनांशी फारशी जुळत नाहीत. कुलूप एक आणि किल्ली दुसरी असेल, तर किल्ली कितीही पॉलिश करून उपयोग नाही.

सर्वांत कच्चा दुवा

या चारही वाटा प्रयोगशाळेतून जातात. पण उपचार जेथे सर्वाधिक ढासळतो ती जागा प्रयोगशाळेत नाही, घरात आहे.

हा उपचार साधारण तीन वर्षे रोज घ्यावा लागतो. म्हणजे सुमारे १,१०० वेळा! आणि पहिले काही महिने फरक जाणवतही नाही. इतकी वर्षे खरोखरच लागतात का? गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना गोळी दोन वर्षे देऊन थांबवली. आणखी एका वर्षाने तपासले, तेव्हा गोळी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक उरला नव्हता. उलट तीन वर्षांच्या उपचाराचा परिणाम पुढे दोन वर्षे टिकल्याचे दुसऱ्या एका चाचणीत दिसले होते.

मग किती जण तीन वर्षे पुरी करतात? नेदरलँड्समधील सुमारे साडेसहा हजार रुग्णांच्या औषध-नोंदी तपासून २०१३ मध्ये याचे उत्तर मिळाले. टोचून घेणाऱ्यांपैकी २३ टक्के आणि जिभेखाली घेणाऱ्यांपैकी फक्त ७ टक्के! टोचायला दवाखान्यात जावे लागते, तारीख ठरलेली असते, कोणीतरी वाट पाहत असते. घरी घ्यायचे औषध मात्र एक दिवस राहते, मग आठवडा राहते, मग बाटली कपाटात मागे सरकते. उपचाराचा सोपेपणा हेच येथे त्याचे वैगुण्य ठरते. म्हणूनच अमेरिकेत अर्क टूथपेस्टमध्ये मिसळण्याचे प्रयोग झाले. दात तर रोज घासायचेच असतात, तेव्हा नवी सवय लावण्याऐवजी जुन्या सवयीच्या पाठीवर औषध बसवावे, ही त्यामागची युक्ती. आम्हाला ही कल्पना चिकट कणांइतकीच मोलाची वाटते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक आशा होती : नाकाची ॲलर्जी असतानाच उपचार केला तर पुढचा दमा टळेल का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेली ८१२ मुले होती. तीन वर्षे उपचार आणि पुढे दोन वर्षे निरीक्षण. दमा सुरू होण्याचा काळ, हा तिचा मुख्य निकष. त्यात फरक दिसला नाही. मात्र गोळी घेतलेल्या मुलांत दम्याची लक्षणे आणि दम्याच्या औषधांची गरज कमी आढळली. म्हणजे आशा पूर्ण खरी ठरली नाही, आणि पूर्ण खोटीही नाही.

पालकांना काय सांगावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. ‘पंप बंद करता येईल ना?’

आमच्या मते शिक्षकांनी चार गोष्टी सांगाव्यात. पहिली, पंप स्वतःच्या मनाने कधीही बंद करायचा नाही. पंपाचे ‘व्यसन’ लागत नाही. चष्म्याची जशी गरज असते तशी ती गरज आहे. गरज कमी झाली तर मात्रा कमी करण्याचे काम डॉक्टरांचे. दुसरी, दमा आटोक्यात नसताना जिभेखालचा उपचार सुरू करणे धोक्याचे आहे. म्हणजे हा उपचार घ्यायचा असेल, तरी त्याची वाट पंपावरूनच जाते. पहिली मात्रा तर डॉक्टरांसमोरच घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. तिसरी, सुरू करण्याआधी विचारावे : ॲलर्जी नेमकी कशाची, ती कशी ठरवली, आणि तीन वर्षे रोज घेणे आपल्याला जमेल का? चौथी, आजीची सवय सोडू नये. गाद्या-गोधड्या कडक उन्हात टाकल्या की माइट मरतात. फक्त त्यांची प्रथिने तशीच मागे राहतात, म्हणून चादरी आणि उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. गाद्या झटकायच्या त्या मात्र घराबाहेर, आणि दम्याच्या मुलाने ते काम करू नये.

हेच वर्गालाही लागू आहे. सुटीनंतर वर्ग झाडताना दम्याचे मूल बाहेर थांबवावे, झाडण्याआधी पाणी शिंपडावे किंवा ओल्या फडक्याने बाक पुसावेत. त्याचा पंप कुलूपबंद कपाटात ठेवू नये, हाताशी असू द्यावा. आणि त्याने तो चारचौघांत वापरला तर कोणी हसणार नाही, एवढे पाहावे. जिभेखालच्या गोळीत पुढे काय सुधारणा होतील त्या होतील. एवढे काम आपल्या हातात आजच आहे.